दोरीवरून शाळेत

आमच्या शाळेत पहिला उंदीर पडला तो थेट मास्तरांच्या हजेरीबुकावर. धाब्याच्या छताच्या लाकडांमधून निघाला, दारू प्यायल्यासारखा दोन पावलं झुलला आणि खाली आला. मास्तर तेव्हा माझंच नाव घेत होते. त्यांनी "शेवंता" म्हटलं, उंदीर पडला आणि मी सवयीनं "हजर" म्हणाले. सगळी शाळा हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी दौत बाजूला सरकवली, उठून उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पाट्या राहू द्या. कशाला हात न लावता एकेकानं बाहेर चला." एरवी ते ओरडायचे तेव्हा कोणी ऐकत नसे, त्या दिवशी हळू बोलले तर तीसच्या तीस पोरं मुकाट बाहेर आली. मग त्यांनी उंदरावर घासलेट ओतलं आणि हजेरीबुकासकट जाळून टाकला. त्या बुकात माझे वर्षभराचे सगळे खाडे लिहिलेले होते, त्यामुळे मला फार वाईट वाटलं नाही.

प्लेग म्हणजे काय ते आम्हाला कोणी शिकवावं लागत नव्हतं. उंदीर पडले की गाव सोडायचं हे पोरासोरांना ठाऊक होतं. जसं पेरणीचं एक काम, कापूस वेचायचं एक काम, तसं हेही एक काम झालं होतं. तीन दिवसांत गिरणेच्या काठचं आमचं सगळं गाव उठून शेतात गेलं. कापसाचा पहिला वेचा होऊन गेला होता, मागच्या सालच्या कापसाच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, हाताशी होत्या. त्यांचेच कूड केले, वर कडबा टाकला, झाल्या झोपड्या. आजारी पडेल त्याच्यासाठी शेताच्या टोकाला एक झोपडी वेगळी ठेवली. गावात मातीच्या जाड भिंती होत्या म्हणून लोकांची अब्रू झाकून होती. पऱ्हाटीच्या कुडानं काही झाकलं जात नसे. कोणाचा नवरा घोरतो, कोणाच्या सासूनं काय म्हटलं, कोणाच्या घरी आज फक्त मिरचीचा ठेचा आहे, सगळं सगळ्यांना कळायचं. सकाळी जातं सुरू झालं की रांगेतल्या सगळ्या झोपड्यांमधून घरघर उठायची आणि मधेच कोणाची तरी बाई दुसऱ्या झोपडीतल्या बाईला दळता दळताच उत्तर द्यायची. आता धुळ्याला देवपुरात आमच्या दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती आहेत. शेजारीण मेली तरी मला दोन दिवस कळणार नाही. कोणतं बरं, ते मी सांगत बसत नाही. झोपड्यांमध्ये करमत होतं एवढं मात्र खरं.

आमच्या झोपडीत आबा, माय, मी आणि आबांची बहीण अक्का. अक्का विधवा होऊन परत आलेली, पण तिनं कधी कोणापुढे मान खाली घातली नाही. घरात आबांचा शब्द चालतो असं सगळे म्हणायचे, आणि तो शब्द काय असावा हे अक्का ठरवायची. गाव सोडताना तिनं जातं आणलं, उखळ आणलं, देव आणले, फुटका तवासुद्धा आणला. आणि बिबड्यांचं मडकं विसरली. उन्हाळ्यात ज्वारी भिजवून, आंबवून, शिजवून, लसूण-तीळ घालून तिनं खाटांवर पापडासारखे बिबडे वाळवले होते. गावात तिच्यासारखे बिबडे कोणाचे होत नसत, हे ती स्वतः सांगायची आणि ते खरं होतं. आता ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याची घोटलेली भाजी पुढे आली की ती एक घास खायची आणि म्हणायची, "बिबडा नही ते जेवण काय जेवण शे?" आबा एकदा वैतागून म्हणाले, "गावमा जीव जाई राहिना आन तुले बिबडा सुची राहिना." अक्का म्हणाली, "जीव काय आज ना उद्या जाईच."

गावात परत जायला बंदी होती. पाटलानं दवंडी दिली होती. तरी सगळेच जायचे. कोणी गोधडी आणायला, कोणी लोणचं, कोणी नुसतं कुलूप ओढून बघायला. जाऊन आलेलं माणूस नदीवर गेलो होतो म्हणायचं, आणि ऐकणारा स्वतःही काल असाच नदीवर गेलेला असायचा.

मास्तर धुळ्याचे. किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी, बोलणं पुस्तकासारखं. त्यांनी मागच्या साली लोकांची भीती जावी म्हणून चावडीपुढे सगळ्यांसमोर प्लेगची सुई टोचून घेतली होती. "बघा, काहीही होत नाही," असं म्हणाले आणि आडवे झाले. तोंडावर पाणी मारून उठवावं लागलं. त्यानंतर आमच्या गावात सुईला कोणी दंड पुढे केला नाही. पण हा माणूस चिवट होता. गाव बाहेर पडलं तेव्हा सगळ्यांनी धरलं की शाळेला सुट्टी. मास्तरांनी फळा बैलगाडीत टाकला, शेतातल्या एका मोठ्या निंबाखाली उभा केला आणि घरोघरी म्हणजे झोपडोझोपडी फिरले. म्हणाले, पोरं मोकळी राहिली तर गावात पळतील, माझ्यापाशी राहिली तर माझ्या डोळ्यांपुढे राहतील. पाटलाला हे पटलं, पण त्यानं बजावलं, "एक जरी पोर पडनं ना मास्तर, ते शाळा बंद. मंग माले सांगाले येऊ नका."

तिथंच उभे राहून आबांनीही आपली अट घातली, ती मला. मी तिसरीत होते. शाळेत मुली दोनच, आणि मी माझ्या वर्गात पहिली यायची, पोरांना ते आवडत नसे आणि मला फार आवडे. धुळ्याचं एक स्थळ अक्काच्या मनात बसलं होतं. आबा म्हणाले, "शाळा चालू शे तवलोंग शिक. शाळा बंद पडनी का तुनं लगीन." आबा बोललेलं फिरवत नसत. त्या दिवसापासून शाळेची काळजी मास्तरांच्या खालोखाल मला होती. कोणी शिंकलं तरी मी त्याच्याकडे वळून बघायची.

आता दोरीचं सांगते. प्लेगची गाठ काखेत येते, मानेत येते, नाहीतर जांघेत. मास्तर हजेरी घेताना "हजर" म्हणायचं नाही, दोन्ही हात वर करायचे. काखेत दुखत असेल तर हात वर जात नाही. मान डावीकडे, मान उजवीकडे. राहिली जांघ. मुलींची जांघ तपासणं शक्य नव्हतं, आणि मुलांची तपासायची मास्तरांना हौस नव्हती. त्यांनी युक्ती काढली. निंबाला आणि समोरच्या खुंट्याला मोटेची जुनी दोरी गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधली. शाळेत यायचं ते त्या दोरीवरून उडी मारून. जांघेत गाठ असलेलं पोर चालेल, खोटं बोलेल, पण उडी मारू शकणार नाही. बिगरीच्या पोरांसाठी दोरी वीतभर खाली करायचे. मास्तर शेजारी उभे राहून पाय बघायचे. सगळं गाव या प्रकाराला हसलं. शेतात जाणारे लोक थांबून बघायचे आणि म्हणायचे, "मास्तर, बकऱ्या शे का पोरं शे?" आमची आत येताना चढाओढ लागायची. अभ्यासाला कधी इतक्या हौसेनं कोणी आलं नव्हतं.

दुसरी मुलगी केसर. तिचे आजोबा राजस्थानातून आले, आमच्या गावात दुकान घातलं आणि इथलेच झाले. तिचे वडील, शेटजी, घरात मारवाडी बोलायचे, केसर मात्र आमच्यासारखीच खानदेशीत शिव्या द्यायची, माझ्यापेक्षा जास्त. तिची आई नव्हती. घरात एकटी पोर काय करील म्हणून शेटजींनी तिला शाळेत घातलं. ती हुशार होती का? होती. मी पहिली यायची ते ती आळस करायची म्हणून, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

एका दुपारी माय आणि आबा वेचणीला गेले होते. अक्कानं मला कुडामागे बोलावलं. "पळत जाय, उतरंडच्या वरना मडकामाथीन बिबडा काढ आन पळत ये. मास्तरले काय करानं शे?" मला एकटीला भीती वाटत होती, म्हणून मी केसरला बरोबर घेतलं. तिनं विचारलंसुद्धा नाही कशाला.

रिकामं गाव मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. कुत्रीसुद्धा शेतात निघून गेली होती. आपल्याच पायांचा आवाज भिंतींवरून परत यायचा. आमच्या ओट्यावर गवत उगवलं होतं. आत अंधार, आणि जात्याच्या जागेशी दोन उंदीर सुकून पडलेले. मी पाय वर वर टाकत गेले, कणगीवर चढले आणि उतरंडीला हात घातला. केसर तेवढ्या वेळ कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या गोधड्यांवर आरामात बसून होती. "लवकर कर वं, येडी," म्हणत होती. येताना आम्ही कोरड्या नाल्यात बसून निम्मे बिबडे कच्चेच खाल्ले. ती मधून मधून पायाची नडगी खाजवत होती. मी बघितलं आणि आणखी एक बिबडा तोंडात घातला. बाकीचे अक्काला दिले. तिनं कमी का असं विचारलं नाही, इतकी खुश झाली.

चौथ्या दिवशी सकाळी केसर मला शाळेच्या वाटेवर बांधाशी उभी दिसली. आधी मला वाटलं माझी वाट बघते आहे. मग ती चालली तेव्हा दिसलं, लंगडत होती.

"काय व्हयनं?"

"जांघमा दुखी राहिनं. काटा लागना व्हई."

"जांघमा काटा?"

ती म्हणाली, "कोणले सांगू नको. माले त्या दूरना झोपडामा एकलीले टाकतीन."

मला लगेच कळलं. कळलं नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण कळलं. तिला गाठ आली, ती उडी मारू शकणार नाही, मास्तर बघतील, पाटील शाळा बंद करील आणि आबा बोललेलं फिरवणार नाहीत. हे सगळं माझ्या डोक्यातून एका दमात गेलं आणि त्यात केसर मरेल हा विचार सगळ्यात शेवटी आला. मी म्हटलं, "मना हात धर. मी उडी मारसू तव्हय तू फक्त पाय उचल."

मास्तर दोरीशी उभे होते. आम्ही हातात हात घालून पळत आलो, मुली खेळत येतात तशा. दोरीजवळ मी तिच्या काखेत हात घातला आणि जोर लावून तिला वर ओढलं. दोघी पलीकडे पडलो. मी मोठ्यानं हसले. तीही हसली, दात आवळून. मास्तर म्हणाले, "शेवंता, ही शाळा आहे, जत्रा नव्हे," आणि पुढच्या पोराकडे वळले. मला वाटलं, जिंकले.

सकाळी थंडी होती. आम्ही निंबाखाली पोत्यांवर बसलो. आमच्या पुढे बिगरीची लहान पोरं एका ओळीत बसून बाराखडी ओरडत होती. केसरनं पाटीवर दोन ओळी लिहिल्या. तिसऱ्या ओळीची अक्षरं उतरत उतरत पाटीच्या कडेवरून खाली निघून गेली. मग ती माझ्यावर रेलली. पातळ पोलक्यातून तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला तो तव्यासारखा. ती बडबडली काहीतरी, मारवाडीत, मला समजलं नाही. माझ्यापुढे बसलेलं बिगरीचं एक पोर मागे वळून तिच्याकडे बघून हसलं.

पुढे आमच्या घरात ही गोष्ट सांगायची वेळ आली की माझी मुलं म्हणायची, आईनं त्या लहान पोरांकडे बघून खरं सांगितलं. मी त्यांना सांगू देते. खरं असं की ती माझ्या अंगावर रेलली होती. ती गरमी माझ्या अंगात शिरते आहे असं मला वाटलं आणि मी घाबरले, स्वतःसाठी. मी ताडकन उठले, ती बाजूला कलंडली.

"मास्तर, केसर तापनी."

मास्तर फळ्यापासून वळले. "दोरी ओलांडली ना तिनं?"

"मी ओढली तिले."

बाराखडी थांबली. मास्तरांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सगळ्या पोरांना उठवलं, वाऱ्याच्या दिशेनं लांब बांधावर नेऊन बसवलं. मग परत आले आणि सुई बघून आडवा होणारा हा माणूस केसरला दोन्ही हातांवर उचलून चालायला लागला. त्यांची बायको, मास्तरीणबाई, पुढे पळत गेली आणि शेताच्या टोकाच्या झोपडीत तिनं चटई टाकली. मग मास्तर माझ्यासमोर येऊन बसले. "कुठे गेला होता तुम्ही दोघी?" मी सगळं सांगितलं. गोधड्या, उतरंड, बिबडे, किती खाल्ले तेसुद्धा.

संध्याकाळच्या आत मास्तर आमच्या झोपडीसमोर घासलेटची बाटली घेऊन उभे होते. अक्का बिबडे ठेवलेल्या मडक्यापुढे.

"अक्का, त्यात पिसवा आल्या असतील."

"पिसवा ते तुना टोपीमा बी व्हतीन. काढ टोपी, आधी ती जाळ."

मास्तरांनी खरंच टोपी काढली आणि खाली ठेवली. लोक जमले होते, हसायला लागले. "आता द्या," मास्तर म्हणाले. अक्कानं मडकं पुढे सरकवलं. टोपी आणि बिबडे एकाच जाळात गेले, आणि लसणाचा असा खमंग वास सुटला की आजूबाजूच्या झोपड्यांतल्या बायका हळहळल्या.

आमची झोपडी दहा दिवस वेगळी काढली. भाकरी बांधावर ठेवून लोक लांब व्हायचे. माय रोज सकाळी माझी मान, काख, जांघ चाचपायची, इतक्या जोरानं की नसलेली गाठ यावी. कोणालाच काही झालं नाही. शाळेतल्या एकाही पोराला काही झालं नाही. तरी पाटील बोलल्याप्रमाणे वागला. फळा परत गाडीत चढला आणि निंबाखाली नुसती दोरी राहिली.

केसर मेली नाही. मास्तरीणबाई रोज गाठीवर जवसाचा गरम लेप, पोटीस, बांधायची आणि शेटजी झोपडीबाहेर जमिनीवर बसून राहायचे, झोपडीतलं दुकान उघडं टाकून. पंधरा-वीस दिवसांनी गाठ फुटली. गाठ फुटली की माणूस वाचतं, असं सगळे म्हणायचे. मला मास्तर भेटू देत नव्हते. शिमग्याच्या सुमारास गाव परत घरात आलं, घरं सारवली, धूर केला आणि शाळाही उघडली. मी पाटी घेऊन निघाले तर आबा ओट्यावर बसले होते.

"कोठे जाई राहिनी?"

"शाळामा. उघडनी ना."

"बंद पडनी व्हती का नही?"

"पडनी व्हती, पन..."

"मंग?"

त्या दिवशी मास्तर स्वतः आमच्या घरी आले. नवी टोपी होती. म्हणाले, "हिनं सांगितलं म्हणून बाकीची मुलं वाचली. मुलीला चौथी तरी करू द्या." आबांनी त्यांना पाणी दिलं, गूळ दिला आणि शांतपणे विचारलं, "आन दोरीवरतून ओढं कोनी?" मास्तर म्हणाले, "हिनंच." खोटं बोलता येत नसलेला माणूस माझ्या कामाला कधी येणार होता? ते गेल्यावर अक्का म्हणाली, स्थळ चांगलं शे, धुळ्याचं शे, नळाचं पाणी शे. नळ काही निघाला नाही, पण ते पुढचं.

वैशाखात लग्न लागलं. हळद लावून मला मांडवात बसवलं होतं, बायका ओरडून गाणी म्हणत होत्या, त्यात केसर आली. डावा पाय किंचित ओढत. बारीक झाली होती, डोळे मोठे दिसत होते. माझ्यासमोर येऊन बसली. किती दिवसांनी भेटत होतो. मी म्हटलं, "दुखस का आझून?"

"नही." तिनं माझ्या हळदीकडे बघितलं. मग म्हणाली, "तू सांगं म्हणीसन मी वाचनी, असं मास्तर सांगस."

"मंग?"

"मंग काही नही. मी चौथीमा गई." ती पुढे वाकली, कानाशी आली आणि म्हणाली, "तुनी जागा खाली शे. मी तठे पाय पसरीसन बसस."

मी तिच्या थोबाडीत दिली. भर मांडवात, बायकांसमोर. माय किंचाळली, गाणी थांबली. केसरच्या गालावर माझी पाच बोटं पिवळीधमक उठली. तिनं ती पुसली नाहीत. उठली, पाय ओढत पंगतीकडे गेली आणि तशीच जेवायला बसली.